चेंडू हातात नसताना दुसरा काय करतो?

तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारलेत. पहिला असा: एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधले, डेन्व्हरचे निकोला योकिच-जमाल मरे आणि बॉस्टनचे जेसन टेटम-जेलन ब्राऊन, यांतली जास्त पूरक जोडी कोणती आणि ते ठरवायचं कशावरून? दुसरा तुमच्या घरचा. अंधेरीतल्या तुमच्या कॉलेज संघात दोन मुलं आहेत, एकेकटी असली की पंचवीस-पंचवीस गुण काढतात आणि एकत्र उतरली की संघाचा गाडा रुततो.

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो. योकिच-मरे. माझ्या मनात त्याबद्दल फारशी शंका नाही. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला टेटम-ब्राऊन जास्त कामाला येतील, म्हणून इथेच थांबू नका.

मी पंचवीसेक वर्षं मुंबईत शाळा-कॉलेजच्या मुलांना शिकवतोय, त्याआधी गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे आणून डाव चालवणारा म्हणून, खेळलो. 'पूरक' हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरतात. एक उंच, एक बुटका. एक आत खेळतो, एक बाहेरून टाकतो. झाली जोडी पूरक. लग्नाच्या पत्रिका जुळवल्यासारखं. पण छत्तीस गुण जुळलेल्या घरातही भांडी आदळतातच की! माझी कसोटी एकच आहे. चेंडू एकाच्या हातात असताना दुसरा काय करतो? तो कमरेवर हात ठेवून उभा असेल, तर त्याच्या डिफेंडरला, म्हणजे त्याला अडवणाऱ्याला, सुट्टी मिळाली. तो डिफेंडर आरामात रिंगखाली जाऊन उभा राहतो आणि आपला हुकमी खेळाडू एकाऐवजी दोघांना तोंड देत बसतो. उभा राहणारा कितीही मोठा स्टार असो, शॉट टाकायला मिळणाऱ्या त्या चोवीस सेकंदांपुरता तो समोरच्या संघाचा माणूस.

म्हणून पोरांना मॅच दाखवायला बसवतो तेव्हा माझी अट असते, चेंडूकडे बघायचं नाही. एकाला सांगतो, योकिचकडे चेंडू असताना तू फक्त मरेकडे बघ आणि तो काय करतो ते तोंडाने बोलत राहा. पहिली पाच मिनिटं पोरं वैतागतात. मग एखादा ओरडतो, "सर, हा थांबतच नाही!"

तो थांबत नाही, हेच त्यातलं गणित. जरा जवळून बघू. मरे चेंडू घेऊन पुढे येतो आणि फ्री थ्रोच्या रेषेच्या टोकाशी उभ्या असलेल्या योकिचला देतो. देऊन मोकळा होत नाही, त्याच्याच अंगाला घासून पलीकडे पळतो आणि चेंडू हातोहात परत घेतो. याला आम्ही हँड-ऑफ म्हणतो. आता मरेच्या डिफेंडरपुढे दोनच वाटा. योकिचच्या मागून वळसा घालून पलीकडे निघाला, तर मरेला उभ्या उभ्या शॉट मिळतो. मरेच्या पाठीला चिकटून आला, तर तो अर्धा पाऊल मागे राहतो आणि मरेला अडवायला योकिचच्या माणसाला पुढे यावं लागतं. तो पुढे आला रे आला, की चेंडू दोघांच्या मधल्या फटीतून योकिचकडे. तिथून पुढची पंचाईत तिसऱ्या डिफेंडरची. तो पुढे आला तर रिंगमागच्या रेषेवर, बेसलाइनवर, थांबलेल्या जोडीदार अ‍ॅरन गॉर्डनला वरून चेंडू, नाही आला तर योकिच तो त्याचा अर्धवट उडी मारून टाकलेला बुळबुळीत शॉट टाकतो, जो दिसायला शाळकरी वाटतो आणि आत मात्र जातो.

इथपर्यंत हे कुठल्याही चांगल्या पिक अँड रोलचं, म्हणजे एकाने वाट अडवून दिली, दुसरा सुटला आणि मग पहिला रिंगकडे वळला अशा डावाचं, वर्णन झालं. या जोडीची खासियत पुढे आहे. हाच डाव ते उलटा खेळतात. सहा फूट अकरा इंचांचा योकिच चेंडू घेऊन येतो आणि सहा फूट चार इंचांचा मरे त्याच्यासाठी स्क्रीन लावतो, म्हणजे आडवा उभा राहून डिफेंडरची वाट अडवतो. गार्डने सेंटरसाठी, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या सगळ्यात उंच माणसासाठी! डिफेन्सने माणसं बदलली तर योकिचसमोर एक छोटा गार्ड उरतो आणि मरेसमोर एक जड माणूस. नाही बदलली तर सेंटर उतारावरच्या ट्रकसारखा रिंगकडे निघतो. म्हणजे दोघांतला कोण चालवणारा आणि कोण संपवणारा, हे डाव सुरू होईपर्यंत समोरच्याला कळत नाही. कुलूप कुठलं आणि किल्ली कुठली, हे दर खेपेला बदलतं.

आणि हे दोन वर्षांत जमलेलं नाही. योकिच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, ४१ वा, म्हणजे दुसऱ्या फेरीत निवडलेला. मरे २०१६ मध्ये सातवा. मरेचा गुडघा एप्रिल २०२१ मध्ये गेला आणि २०२१-२२ चा सगळा हंगाम तो बाहेर होता. त्या हंगामात योकिचला सलग दुसऱ्यांदा सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला, पण संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. मरे परत आला आणि २०२३ मध्ये विजेतेपद. आकड्यांच्या मागे न लागताही हे कळतं.

तरी एक आकडेवारी देतो, कारण ती माझ्या अख्ख्या मुद्द्याला पुरते. २०२३ ची फायनल, डेन्व्हर विरुद्ध मायामी. दुसऱ्या सामन्यात योकिचने ४१ गुण काढले आणि डेन्व्हर १११-१०८ ने हरलं. त्याचे असिस्ट, म्हणजे दुसऱ्याला बास्केट करून देणारे पास, होते फक्त ४, मरेचे गुण फक्त १८. वर्तमानपत्रवाल्या नजरेने बघितलं तर योकिच एकटा लढला. कोचच्या नजरेने बघितलं तर दोघांमधली तार तुटली होती. तिसरा सामना आपल्याकडे ८ जूनच्या सकाळी सहाला लागला. मी एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन बघत होतो, ऑफिसची ७:४२ हुकली ती हुकलीच. योकिच ३२ गुण, २१ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे पकडलेले चेंडू), १० असिस्ट. मरे ३४ गुण, १० रिबाउंड, १० असिस्ट. एनबीएच्या इतिहासात एकाच सामन्यात एकाच संघाच्या दोघांनी तिशीच्या वर गुण काढून ट्रिपल डबल, म्हणजे गुण, रिबाउंड आणि असिस्ट तिन्ही दोन आकडी, करण्याची ती पहिलीच वेळ. डेन्व्हर १०९-९४. एकाचे गुण ४१ वरून ३२ वर उतरले आणि संघ पंधराने जिंकला.

आता मुंबईकर म्हणून एक आवडतं उदाहरण. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे दोन संघ आले होते, सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. ४ आणि ५ तारखेला दोन सामने झाले. पहिला तर ओव्हरटाइमला गेला, पेसर्स १३२-१३१ ने जिंकले. त्या वेळी पेसर्सकडे डोमांतास सबोनिस आणि माइल्स टर्नर अशी दोन उंच माणसं होती. दोघंही चांगली. पण एकत्र कशी खेळवायची, हा त्या संघाचा बरीच वर्षं चाललेला वाद. सबोनिसला चेंडू हवा फ्री थ्रोच्या टोकाशी, तिथून तो डाव चालवतो. त्यासाठी टर्नरने तीन गुणांच्या रेषेबाहेर थांबायचं. टर्नरला बाहेरून टाकता येतं, पण मग दुसऱ्या बाजूला डिफेन्स करताना दोन सेंटरपैकी एकाला चपळ फॉरवर्डमागे बाहेर धावावं लागतं. भाकरी थापायला दोघी बसल्या आणि तव्यापाशी कुणीच नाही, अशातली गत.

पुढे गंमत बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये पेसर्सनी सबोनिस देऊन टाकला, तोही वरळीत समोर खेळलेल्या सॅक्रामेंटोलाच. बदल्यात टायरीस हॅलिबर्टन आला. सॅक्रामेंटोत सबोनिसला डीअ‍ॅरन फॉक्ससारखा वाऱ्यासारखा पळणारा गार्ड मिळाला, हँड-ऑफ देणारा आणि घेणारा दोघंही हुकमी. २०२२-२३ मध्ये त्या संघाने ४८ सामने जिंकले आणि १६ हंगामांचा दुष्काळ संपवून प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, गाठली. इकडे टर्नरला हॅलिबर्टन मिळाला. पास देणारा, वेगाने चेंडू पुढे ढकलणारा. टर्नर त्याच्यासाठी स्क्रीन लावून बाहेर सरकला की रिंगखालचा अख्खा भाग मोकळा. तो संघ २०२५ च्या फायनलपर्यंत गेला आणि सातव्या सामन्यात हरला. खेळाडू तेच होते, कुणी रातोरात सुधारलं नव्हतं. एक न जमणारी जोडी फोडली आणि दोन जमणाऱ्या जोड्या झाल्या. मी त्या शुक्रवारी डोममध्ये होतो, हे सगळं डोळ्यासमोर होतं आणि मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं, हेही सांगून टाकतो.

आता तुमच्या मुलांसारख्या जोडीकडे येतो, कारण अशी एक माझ्या गळ्यात पडली होती. त्यांची नावं नकोत, जर्सीच्या नंबरांनी बोलू. सात नंबर नागपाड्याचा. नागपाड्याबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको, अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर तिथलेच. तिथल्या पोरांना चेंडू हातात घेऊनच जन्मल्यासारखा ड्रिबल असतो आणि अरे म्हणायच्या आत हूल देऊन ती पुढे गेलेली असतात. अकरा नंबर परळचा, लांब हातापायांचा, आधी कबड्डी खेळलेला. दोघंही आपापल्या शाळेचे राजे. कॉलेजात एकत्र आले आणि पहिल्या तीन सामन्यांत आम्ही तिन्ही हरलो.

मी काय केलं? टीव्हीवर बघितलेलं उचललं. सातला सांगितलं, तू चालव. अकराला सांगितलं, तू कॉर्नरमध्ये थांब आणि चेंडू आला की थ्री, म्हणजे तीन गुणांचा शॉट, टाक. कागदावर झकास. पण अकराचा शॉट होता चपटा, हातातून निघालेला चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत यायचा. समोरच्या संघाला दुसऱ्याच क्वार्टरमध्ये ते कळलं आणि त्यांनी त्याला मोकळा सोडून दिला. शिवाय जो पोरगा अख्खं आयुष्य हालचालीवर जगलेला, त्याला मी कोपऱ्यात खांबासारखा रोवला होता. चूक त्याची नव्हती, शंभर टक्के माझी होती.

उपाय सुचला तो कबड्डीवरून, आणि सुचवला अकरानेच. कबड्डीत कोपऱ्यातला खेळाडू चढाईवाल्याच्या घोट्याला हात घालतो, पण कधी? शेजारचा मधला त्याला पुढून दाबायला निघतो तेव्हा. चढाईवाल्याचं लक्ष पुढे, घोटा मागे. तो मला म्हणाला, "सर, मला समोर कशाला उभं करता? सगळे सातकडे बघत असतात तेव्हा मी मागून येतो ना." एवढंच. आम्ही त्याला कॉर्नरमधून उचलला आणि बेसलाइनवर रिंगच्या बाजूला ठेवला. सात चेंडू घेऊन आत घुसायचा, अकराच्या डिफेंडरने मान वळवली की त्याच क्षणी हा त्याच्या पाठीमागून कट मारायचा, म्हणजे झपकन रिंगकडे पळायचा. त्या डिफेंडरची मान हा आमचा सिग्नल होता. हनुवटी खांद्यापलीकडे गेली की निघायचं.

पण डाव कळणं वेगळं आणि सवय होणं वेगळं. सातला पासची सवयच नव्हती, तो दोघांतून घुसून आपणच टाकायचा. त्याला चार लेक्चरं दिली, उपयोग शून्य. मग सरावात नियम केला: पाच-पाचच्या खेळात या दोघांनी टाकलेली बास्केट टाकणाऱ्याच्या खात्यात जाणार नाही, जोडीदाराच्या खात्यात जाणार. आणि जोडीदाराने त्यात स्क्रीन, पास किंवा कट, काहीतरी केलेलं असेल तरच मोजायची, नाहीतर शून्य. फळ्यावर रोज आकडे लिहायचो. पहिल्या आठवड्यात दोघं माझ्यावर डाफरले. दुसऱ्या आठवड्यात एकमेकांवर, "अरे तू उभा का होतास, माझी बास्केट फुकट गेली!" हे भांडण ऐकलं आणि मला बरं वाटलं. एकजण दुसऱ्याच्या रिकाम्या हातांकडे बघायला लागला होता.

पावसाळ्यात आमचं सिमेंटचं कोर्ट बंद. तेव्हा कॉलेजच्या व्हरांड्यात चेंडू जमिनीवर न टाकता दोघांना नुसतं चालत हँड-ऑफ करायला लावायचो. पाय कुठे, खांदा कुठे, चेंडू कुठल्या हातात. वॉचमन हसायचा. पण हँड-ऑफमध्ये घेणाऱ्याचा खांदा देणाऱ्याच्या कमरेला घासून गेला पाहिजे, मधे एक वीतभर फट राहिली तर त्या फटीतून डिफेंडर घुसतो. आणि ही गोष्ट वेगात शिकवता येत नाही.

त्या वर्षी आम्ही उपांत्य फेरीत हरलो, ते सांगायला हवं. दोघांचे मिळून गुणही आधीपेक्षा थोडे कमीच झाले असतील. वाढले ते बाकीच्या तिघांचे.

आता टेटम-ब्राऊन. ही दुसऱ्या जातीची जोडी. दोघंही विंग, म्हणजे कडेने खेळणारे, दोघंही स्वतः शॉट बनवणारे, दोघंही आपापल्या ड्राफ्टमध्ये तिसरे, ब्राऊन २०१६ चा आणि टेटम २०१७ चा. यांच्यात कुलूप-किल्ली नाही, दोन किल्ल्याच आहेत. त्यांना वेगळं करा, असं वर्षानुवर्षं लोक म्हणत होते आणि त्याला आधारही होता. २०२२ ची फायनल ते गोल्डन स्टेटकडून हरले आणि त्या एका प्लेऑफमध्ये टेटमचे टर्नओव्हर, म्हणजे समोरच्यांना घालवलेले चेंडू, शंभरावर पोचले, असा तो पहिलाच खेळाडू. पुढच्या वर्षी मायामीविरुद्ध सातव्या सामन्यात टेटमचा घोटा पहिल्याच मिनिटाला मुरगळला, सगळा भार ब्राऊनवर आला आणि त्याने ८ वेळा चेंडू घालवला. तुझी पाळी, माझी पाळी. एक घुसतोय, दुसरा बघतोय. तुमच्या मुलांचं वर्णन वाचताना मला हेच आठवलं.

मग २०२४ मध्ये तेच दोघं विजेते कसे झाले? मला तीन गोष्टी दिसतात आणि त्यांतली सगळ्यात मोठी त्या दोघांबाहेरची आहे. ड्रू हॉलिडे, डेरिक व्हाइट आणि ख्रिस्टाप्स पोर्झिंगिस. पाचही जण बाहेरून टाकू शकणारे, अगदी सेंटरसुद्धा. त्यामुळे टेटम किंवा ब्राऊन आत घुसला की मदतीला यायला माणूसच शिल्लक नाही. जो येईल त्याच्यामागचा मोकळा. सारख्या जातीच्या जोडीला बाकीचे तीन फार विचार करून निवडावे लागतात, योकिच-मरेला तितके नाही. दुसरी गोष्ट, टेटमने आपला वाटा बदलला. डॅलसविरुद्ध फायनलच्या दुसऱ्या सामन्यात त्याने २२ पैकी ६ शॉट घातले. पूर्वीचा टेटम असता तर तिसाव्या शॉटपर्यंत टाकत बसला असता. त्या दिवशी त्याने १२ असिस्ट दिले, हॉलिडेने २६ गुण काढले आणि बॉस्टन जिंकलं. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ब्राऊन ठरला, आणि टेटमने त्यावरून तोंड वाकडं केलं नाही.

तिसरी गोष्ट डिफेन्सची. सारख्या उंचीचे, सारख्या ताकदीचे दोन विंग असण्याचा खरा फायदा तिकडे मिळतो. समोरच्याने कितीही स्क्रीन लावले तरी हे दोघं माणूस बदलून घेतात आणि नुकसान काहीच होत नाही. योकिच-मरेला हे जमत नाही, योकिचला बाहेर गार्डसमोर ओढून आणणं हा त्यांच्याविरुद्धचा जुनाच डाव आहे. त्या फायनलमध्ये डॅलसच्या लुका डॉन्चिचला अडवण्याचा मोठा भार ब्राऊनने उचलला. आपल्याकडे जोडी म्हटलं की लोक फक्त एकाच रिंगकडे बघतात, निम्मा खेळ दुसऱ्या रिंगखाली चालतो ते विसरून.

मैत्रीबद्दलही तुम्ही विचारलंत, दोघांचं पटत नाही म्हणून. पटायलाच हवं असं काही नाही. लेकर्स संघाचे शकील (शॅक) ओनील आणि कोबी ब्रायंट यांचं किती जमायचं ते जगजाहीर, तरी २०००, २००१ आणि २००२ अशी लागोपाठ तीन विजेतेपदं त्यांनी घेतली. शॅक आत उभा राहिला की दोन माणसं त्याला चिकटायची, कोबीसमोर एकच उरायचा. त्या भूमितीला मैत्रीची गरज नव्हती. मात्र भांडण शेवटी जिंकलं, २००४ च्या फायनलमध्ये डेट्रॉइटकडून हरले आणि शॅक मायामीला गेला. म्हणजे न पटणारी जोडी चालते, फक्त तिची मुदत कमी असते. तुमच्या मुलांची कॉलेजची मुदत तशीही तीन वर्षांचीच.

उलट जॉन स्टॉकटन आणि कार्ल मलोन. युटा संघात १८ हंगाम एकत्र. स्टॉकटनचे १५,८०६ असिस्ट, तो विक्रम अजून कुणाच्या आवाक्यात नाही. मलोनचे ३६,९२८ गुण. पिक अँड रोल शिकवताना मी अजूनही पोरांना त्यांचेच व्हिडिओ दाखवतो. विजेतेपद एकही नाही. १९९७ आणि १९९८, दोन्ही फायनल शिकागोकडून हरले. १९९८ च्या सहाव्या सामन्यातला तो शेवटचा क्षण बघा. युटा एका गुणाने पुढे, चेंडू मलोनकडे रिंगजवळ, पोस्टमध्ये. शिकागोच्या मायकल जॉर्डनने ज्याला अडवायचं तो युटाचा जेफ हॉर्नासेक बेसलाइनवरून पलीकडे पळून गेला, पण जॉर्डन त्याच्यामागे गेलाच नाही. तिथेच रेंगाळला आणि मलोनच्या न दिसणाऱ्या बाजूने येऊन चेंडू काढून घेतला. पुढचा शॉट सगळ्या जगाने बघितलाय, ८७-८६. जोडीत खोट नव्हती. समोर जॉर्डन होता, एवढीच खोट.

न जमलेल्या जोडीचं एकच देतो, लांबण नको. २०२१-२२ चे लेकर्स, लेब्रॉन जेम्स आणि रसेल वेस्टब्रूक. दोघांनाही चेंडू हातात हवा, आणि लेब्रॉनकडे चेंडू असताना वेस्टब्रूकला बाहेर मोकळा सोडायला कुणी घाबरत नव्हतं. अँथनी डेव्हिसच्या दुखापतीही होत्याच, पण ३३ विजय, ४९ पराभव आणि प्लेऑफही नाही. त्याआधी दोनच वर्षं, २०२० मध्ये, हाच लेब्रॉन डेव्हिसबरोबर विजेता होता, कारण डेव्हिस चेंडूशिवाय कामं करायचा. स्क्रीन, रोल, हवेतला पास झेलणं, आणि दुसऱ्या टोकाला रिंगची राखण.

तर तुमच्या संघाचं. आधी एक वही घ्या आणि बेंचवर बसणाऱ्या, गणित बरं असलेल्या एका मुलाच्या हातात द्या. चार रकाने: दोघं कोर्टवर, फक्त पहिला, फक्त दुसरा, दोघंही बाहेर. बदली झाली की त्या क्षणाचा स्कोअर लिहायचा, बस. पाच सामने भरले की प्रत्येक रकान्यात आपण पुढे गेलो की मागे आलो ते कळेल. तुम्हाला धक्का बसण्याची शक्यता आहे. 'एकत्र रुततात' ही तुमची भावना आहे, कदाचित ते तिसऱ्या क्वार्टरमध्ये दमल्यामुळेच रुतत असतील.

तोवर दोघांना सगळा वेळ एकत्र ठेवू नका. चाळीस मिनिटांचा सामना आहे; सुरुवातीची पाच-सहा मिनिटं एकत्र, मग एकाला बसवा, दुसऱ्याला दुसऱ्या फळीबरोबर राजा होऊ द्या, मग अदलाबदल. शेवटची पाच मिनिटं पुन्हा एकत्र. दोघांनाही 'माझा वेळ' मिळाला की 'आपल्या वेळेत' पास द्यायला हात आखडत नाही. आईबाप मात्र विचारायला येतील, माझ्या मुलाला का बसवलं म्हणून. त्यांना वही दाखवा.

सरावात खात्याची अदलाबदल करून बघा, मी सांगितली ती. आणि हँड-ऑफ चालत चालत, रोज दहा मिनिटं, पावसाळा असो नसो. स्क्रीन कुणी कुणासाठी लावायचा हे आत्ताच ठरवू नका, दोन्ही बाजूंनी करून घ्या. तुमच्यातला बुटका जास्त चांगला स्क्रीन लावतो असं निघालं तर आश्चर्य नको.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. दोघांतला कुणी डावखुरा आहे का? असेल तर हँड-ऑफ कोर्टच्या कुठल्या बाजूला ठेवायचा ते त्यावर ठरेल. ते कळवा, मग डाव कागदावर काढून देतो.